आधी नाक, मग जीभ

प्रधानसाहेबांनी कुठलीही वस्तू सरळ तोंडात घातल्याचं मला आठवत नाही. चहाचा कप पुढे आला की ते आधी त्याच्यावर वाकत, डोळे मिटत आणि एक लांब श्वास घेत. मग कप जरा फिरवून पुन्हा एकदा. आमच्या ऑफिसचा चहावाला सुरुवातीला घाबरून जाई. त्याला वाटे, साहेबांना कपात झुरळ दिसलं. साहेब डोळे उघडून म्हणत, "आज म्हैस बदललेली दिसते," आणि ते खरं निघे. एकदा कुणाच्या तरी लग्नात मठ्ठ्याच्या पेल्यावर त्यांनी इतका वेळ नाक धरलं की मुलीचे वडील हात जोडून पुढे आले आणि काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला म्हणाले. साहेब म्हणाले, "तसं काही नाही हो. फक्त आलं जुनं आहे."

आधी नाक, मग जीभ, मग मत, हे त्यांचं तत्त्व. बहुतेक लोक मतापासून सुरुवात करतात आणि तिथेच मुक्काम ठोकतात, ही त्यांची जगाबद्दलची मुख्य तक्रार होती. अंबरनाथला रंगाच्या कारखान्यात ते भांडाराचे प्रमुख होते. मी तिथे कारकून म्हणून लागलो तेव्हा पहिल्या दिवशी त्यांच्या टेबलापुढे जाऊन उभा राहिलो. त्यांनी कागदातून मान वर न काढता विचारलं, "बोटीने आलात वाटतं?" मी खरोखरच दोन दिवसांपूर्वी कोकणातून बोटीने आलो होतो आणि माझ्या एकुलत्या एका कोटाला कोळशाच्या धुराचा वास होता. एवढं नाक असलेला माणूस दिसायला कसा असेल, असं वाटेल. तर बुटका, टक्कल पडलेला, आणि नाक म्हणाल तर अगदीच बेताचं. पुढे मी बदलापूरला मांजर्लीच्या बाजूला, त्यांच्या शेजारचीच खोली भाड्याने घेतली आणि ऑफिसातले साहेब मला घरचेही मिळाले.

हे नाक तयार झालं होतं व्हिस्कीवर. मी हे लिहायला घेतलं तेव्हा आमच्या घरात नाराजी पसरली. इतकी सज्जन माणसं भेटली आयुष्यात, आणि लिहायचं ते एका पिणाऱ्यावर? आता त्यांना कसं समजवावं? प्रधानसाहेबांना प्रत्यक्ष पिताना मी फार थोड्या वेळा पाहिलं, आणि तेही औषधाच्या पेल्याने मोजून. ते प्यायचे त्यापेक्षा कितीतरी जास्त हुंगायचे, आणि हुंगायचे त्यापेक्षा जास्त वाद घालायचे.

स्वातंत्र्य मिळालं आणि कारखान्याचा स्कॉटिश मॅनेजर मायदेशी परतला. तो कुठल्याशा बेटावरचा होता. जाताना त्याने प्रधानसाहेबांना एक ट्रंक दिली. तिच्यात कमीअधिक भरलेल्या नऊ बाटल्या होत्या, कुठलीही एक दुसरीसारखी नव्हती. तोपर्यंत साहेबांच्या लेखी व्हिस्की म्हणजे व्हिस्की, जशी साखर म्हणजे साखर. ट्रंक उघडल्यावर त्यांना कळलं की हे एक मोठं कुटुंब आहे आणि त्यात सगळ्यांचं एकमेकांशी पटतंच असं नाही. आयरिश ती तीनदा भट्टीतून काढलेली, म्हणून मऊ, कधी आवाज चढवणार नाही. अमेरिकन ती मक्याची, आतून जाळलेल्या नव्या पिंपात ठेवलेली, तिला कस्टर्डचा वास. नेहमीची स्कॉच म्हणजे अनेकींची मिसळ करून केलेली, सगळ्यांशी गोड बोलणारी. आपल्याकडची ती उसाच्या मळीची. तिला ते लांबची आतेबहीण म्हणत आणि मान देत, पण रांगेत शेवटी बसवत. आणि सगळ्यांत वेगळी ती त्या मॅनेजरच्या बेटावरची. तिकडे दलदलीतली माती वाळवून जाळतात आणि तिच्या धुरावर सातू सुकवतात, त्या सातूची. हिचं बूच काढलं की धूर, समुद्र आणि टिंक्चर आयोडिन एकदम घरात येत. प्रधानसाहेबांचं तिच्यावर मन बसलं ते कायमचं.

बैठक असे रविवारी सकाळी दहा ते बारा. पोटात चहापलीकडे काही नसतं आणि डोक्यात ऑफिस नसतं, अशी आठवड्यात तेवढीच एक वेळ सापडते, असं त्यांचं म्हणणं. या वेळात घरात उदबत्ती नाही, फुलं नाहीत, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे फोडणी नाही. वहिनींनी, म्हणजे साहेबांच्या पत्नीने, हे कलम मान्य केलं होतं. मात्र बाराच्या ठोक्याला त्या मोहरी तेलात टाकत, मग साहेबांचा निकाल लागलेला असो वा नसो. व्हिस्कीला त्या 'तुमचं ते औषध' म्हणत. तिचा थेंब कधी त्यांच्या जिभेला लागला नाही.

पण साहेबांना ओळखायचं असे ते न बघता. म्हणून वहिनींनी स्वयंपाकघरात चार काचेच्या वाट्यांत चार प्रकार ओतायचे, प्रत्येकीखाली नावाचा चिठोरा घडी करून ठेवायचा, आणि वाट्यांची अदलाबदल करून बाहेर आणून द्यायच्या, अशी पद्धत. एका रविवारी साहेबांनी हुंगायला वाट्या उचलल्या असताना वारा आला आणि चिठोरे उडून थेट परसातल्या हौदात पडले. साहेबांनी मनाशी उत्तरं ठरवली होती आणि आता ती तपासायची कशी, म्हणून ते कपाळाला हात लावून बसले. वहिनी दारातून म्हणाल्या, "त्यात काय एवढं? ही आयरिश, ही तुमची बेटावरची, ही अमेरिकन आणि ही आपली आतेबहीण."

साहेबांच्या मनातली उत्तरं दोन सोडून जुळली. पुन्हा हुंगून पाहिलं, तर त्या दोन त्यांच्याच चुकल्या होत्या.

"तुला कसं कळलं?"

"वासावरून. फोडणी मोहरीची की जिऱ्याची हे मला जवळ जाऊन बघावं लागत नाही."

पुढच्या रविवारी साहेबांनी बायकोसाठी शेजारी पाट मांडला. वहिनी म्हणाल्या, "एकदा सांगितलं ते सांगितलं. मला भाजी निवडायची आहे." पाट तसाच राहिला आणि पुढे मी त्याच्यावर बसू लागलो.

अशी सगळी घडी बसते न बसते तोच दारूबंदी आली.

प्रधानसाहेब कायदा पाळणारे होते. रस्त्यात कुणी नसलं तरी ते डाव्या बाजूने चालत. परमिट मिळू शकतं असं त्यांना कळलं, म्हणून ते डॉक्टरांकडे गेले. मी बरोबर होतो. डॉक्टरांनी विचारलं, "हात थरथरतात का?"

"नाही."

"न प्यायलात तर झोप येत नाही?"

"झोप उत्तम आहे. रविवारी दुपारी तर विशेष."

"पोटात जळजळ, घाम, घाबरल्यासारखं?"

"काहीच नाही हो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "प्रधान, मग मी लिहू काय? तुम्हांला दारूवाचून चालत नाही, तुम्ही व्यसनी आहात, असं लिहावं लागतं. ते मी लिहितो, तुम्ही खाली सही करा म्हणजे झालं."

साहेबांनी कागद हातात घेतला आणि सवयीने हुंगला. मग म्हणाले, "डॉक्टर, मी तीस वर्षं गाणं ऐकतोय. मला कुणी तंबोऱ्याचा व्यसनी म्हटलं नाही. मी बेताल पीत असतो तर सरकारने मला परमिट दिलं असतं, आणि मी पेल्याने मोजून घेतो म्हणून देता येत नाही, असंच ना? मग नको." कागद परत करून ते बाहेर आले. त्यांना फार लागलं होतं. रसिकाला व्यसनी म्हणणं हा त्यांच्या लेखी बाप काढण्याइतकाच मोठा अपमान होता.

घरातली दारू जमा करायची मुदत संपायच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्या बाटल्या परसात शेवग्याच्या बुंध्याशी रिकाम्या केल्या. सरकारात नेऊन दिल्या असत्या तर तिथे कुणीतरी नाक न लावताच ओतून दिल्या असत्या, हे त्यांना सहन होणारं नव्हतं. ओततानाही क्रम चुकू दिला नाही. हलकी आधी, जड मागून. बेटावरची ओतताना थोडे थांबले. वहिनी म्हणाल्या, "मी ओतू का?" ते नको म्हणाले आणि त्यांनीच ओतली. त्या वर्षीच्या शेंगांची आमटी त्यांनी फार लक्ष देऊन खाल्ली.

दुसऱ्या दिवशी रिकाम्या बाटल्यांकडे बघताना त्यांच्या ध्यानात आलं की व्हिस्की गेली तरी वास कुठे गेला आहे? तो काचेला धरून आहे. बूच घट्ट असेल तर पुष्कळ दिवस राहील. म्हणून बुचं शोधत ते उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात गेले आणि तिथे त्यांना गोविंदराम भेटला.

गोविंदरामचं सोडावॉटरचं दुकान होतं. दारूबंदीत सोडा विकतो म्हणून बाजारात त्याची थट्टा होई, तो म्हणे, "साईं, पोटात गॅस तर काँग्रेसवाल्याला पण होतो." साहेबांनी पिशवीतली एक बाटली काढून तिच्या मापाचं बूच मागितलं.

"काय भरणार यात?"

"काही नाही. रिकामीच ठेवायची."

"मग बूच कशाला?"

"आत वास आहे."

गोविंदरामने सोड्याचं यंत्र बंद केलं. हात पुसले, बाटली घेतली, तोंडाशी अंगठा धरून ती हलवली आणि नाकाखाली नेली. डोळे मिटूनच म्हणाला, "आयरलँडचा माल. तीन बार भट्टीत गेलेला. शरीफ आदमी." प्रधानसाहेब सोड्याच्या खोक्यावर मटकन बसले.

फाळणीआधी कराचीत गोविंदरामचं विलायती मालाचं दुकान होतं. गोरे अधिकारी त्याच्याकडून बाटल्या नेत. एका संध्याकाळी दुकानाला कुलूप लावून तो जो निघाला तो थेट कॅम्पातल्या बराकीत येऊन पडला. किल्ली अजून त्याच्या कमरेला होती. आणि एवढं असून त्याने उभ्या जन्मात एक थेंब घेतला नव्हता. "दुकानदार पियेल तर दुकान कोण बघेल? मी फक्त बूच उघडून गिऱ्हाइकाला वास द्यायचा. नाक माझं, गळा त्याचा."

त्या रविवारपासून गोविंदराम बैठकीला येऊ लागला. मध्ये ओळीने नऊ रिकाम्या बाटल्या, एकीकडे साहेब, दुसरीकडे गोविंदराम, आणि पाटावर मी. एकेक बूच निघे, दोघे आळीपाळीने हुंगत आणि वाद सुरू होई. गोविंदराम आयरिशच्या बाजूचा. "साहब, जी चीज मेहमानाला खोकला आणते ती चांगली कशी? आयरिश बघा. येते, बसते, कोणाला त्रास नाय."

"त्रास नाही म्हणजे स्वभावच नाही," साहेब म्हणत. "बेटावरची समोर आली की माणसाला मत बनवावं लागतं."

"मत बनवायला मी कोर्टात जाईन. घरात मला शांती पायजे."

नशा नसताना दोन शहाणीसुरती माणसं इतकी भांडू शकतात, हे मी तिथे शिकलो. वर्षानुवर्षं हा वाद चालला आणि कुणी तसूभर हलला नाही. हलला असता तर पुढच्या रविवारी करायचं काय, हाही प्रश्न होताच.

मग कुणीतरी चौकीवर कळवलं. आळीत इतक्या रविवारी इतकी बुचं उघडल्याचा आवाज आल्यावर कुणी कळवलं नसतं तरच नवल. फौजदार दोन शिपाई घेऊन सरळ आत आला. देशावरचा उंचापुरा गडी, नवाच बदलून आलेला. समोर व्हिस्कीच्या नऊ बाटल्या आणि दोन प्रौढ माणसं डोळे मिटून बसलेली.

"काय चाललंय ह्ये?"

"वास घेतोय," साहेब म्हणाले. डोळे त्यांनी उघडले नव्हते.

फौजदाराने एकेक बाटली उलटी करून हलवली. थेंब निघाला नाही. शिपायांनी घर धुंडाळलं. माळ्यावर लोणच्याची बरणी सापडली, तिचाही वास घेऊन झाला. "पण ह्यात दारू होती का न्हाई?" फौजदाराने विचारलं आणि पुरावा म्हणून एक बाटली नाकाला भिडवली.

"अहो, असं नाही," साहेब कळवळून म्हणाले. "एकदम जवळ नेऊ नका. आधी लांबून. तोंड किंचित उघडं ठेवा. आता या. हं, घाई नको."

फौजदाराने सांगितलं तसं केलं. दुसरी बाटली झाली. तिसरीला त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. बेटावरची नाकाशी गेली ती त्याने खाली ठेवलीच नाही. मग म्हणाला, "आमच्याकडं पावसात मेंढरामागनं आलं की ओली घोंगडी शेकोटीवर धरत्यात. आज्जा माझा धरायचा. ह्यो त्योच वास हाय."

साहेबांनी गोविंदरामकडे पाहिलं. "आता बोला. याला म्हणतात साक्षीदार."

फौजदार भानावर आला आणि टोपी घालून उभा राहिला. कायदा त्याला पाठ होता. "प्यायला बंदी हाय, बाळगायला हाय, इकायला हाय. पण वास घ्यायला बंदी असल्याचं माझ्या वाचनात न्हाई." दारापर्यंत जाऊन तो पुन्हा वळला. "ती घोंगडीवाली तेवढी परत एकदा दावा." तेवढ्यात आतून वहिनींचा आवाज आला, "बारा वाजले, मी फोडणी टाकते," आणि सगळा खटला तिथेच संपला.

एका पावसाळ्यात नदीचं पाणी आळीत शिरलं. लोक तांदूळ, कोंबड्या, देव असं काय काय डोक्यावर घेऊन उंचावर निघाले. साहेब ट्रंक घेऊन निघाले. शेजारच्या गणू शेतकऱ्याने मदतीला हात घातला आणि तो म्हणाला, "सायेब, यात सोना हाय का काय? पन लय हलकी लागते." साहेब म्हणाले, "आत काही नाही रे. म्हणून जपून धर." गणूने ती ट्रंक जन्मभर भुताची म्हणून सांगितली.

दारूबंदीला सहासात वर्षं झाली असतील, तेव्हा फ्लूची मोठी साथ आली. साहेब पंधरवडाभर अंथरुणावर होते. उठल्यावरच्या पहिल्या रविवारी त्यांनी आयरिशचं बूच काढलं, हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि बूच लावून बाटली बाजूला ठेवली. "आयरिश गेली," ते म्हणाले. घरातलं माणूस गेल्यासारखं म्हणाले. गोविंदरामने पगडीसारखा गुंडाळलेला रुमाल डोक्यावरून काढला. पुढच्या रविवारी अमेरिकन गेली, मग मिसळीच्या दोन. महिन्याभरात नुसती बेटावरची उरली, आणि ती उघडायला साहेब तयार होईनात.

त्याच दिवसांत मी सकाळी काही कामाने त्यांच्याकडे गेलो. वहिनी विहिरीवर गेल्या होत्या आणि दुधाकडे बघा म्हणून साहेबांना शेगडीशेजारी बसवून गेल्या होत्या. मी अंगणात असतानाच करपल्या दुधाचा वास आला. आत जाऊन पाहतो तर पातेल्यातून धूर निघतोय आणि हातभर अंतरावर साहेब पेपर वाचतायत. पेपर त्यांच्या तोंडासमोर होता. मागून वहिनी आल्या. त्यांनी कळशी ठेवली, पातेलं उतरवलं, नवऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग अगदी सहज म्हणाल्या, "दूध जरासं लागलंय. मांजराला घालते." साहेबांनी पेपर खाली घेतला नाही.

नंतर कुंपणापाशी त्या मला म्हणाल्या, "बाटल्यांना काही झालेलं नाही हो. सगळ्या होत्या तशा आहेत. आयरिश तर मला मोरीतूनसुद्धा कळते." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ज्याच्याजवळ जगात दुसरी काही मिरवण्यासारखी गोष्ट नव्हती, त्या माणसाची तेवढीच नेमकी गेली होती. आणि ते सांगायचं कुणाला, हेही त्याला कळत नव्हतं.

पण पुढच्या रविवारी एक चमत्कार झाला. वहिनींनी आपण होऊन नऊच्या नऊ बाटल्या मांडून ठेवल्या. साहेब अनिच्छेने बसले, एक बाटली उचलून त्यांनी बूच काढलं. आतून भाजी चिरताचिरता आवाज आला, "आज अमेरिकन काढलीत वाटतं. कस्टर्डचा वास सुटलाय इथपर्यंत." साहेबांचा हात थबकला. मग ते गोविंदरामला म्हणाले, "बघा. आहे अजून थोडा जीव." ज्या माणसाने बैठकीत स्वयंपाकघरातून भांडं वाजलेलं खपवून घेतलं नव्हतं, तो आता बाटली नाकाशी धरून आतल्या आवाजाची वाट बघत बसू लागला. दोघांना ठाऊक होतं, आणि दोघांना ठाऊक आहे हेही दोघांना ठाऊक होतं. आपलं अजून लग्न झालेलं नाही याचं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाईट वाटलं.

मला वाटत होतं, गोविंदरामला यातलं काही कळलेलं नाही. एकदा स्टेशनकडे जाताना तोच म्हणाला, "साहबचं नाक गेलं ना?"

"तुम्हांला कसं कळलं?"

"इतके साल झगडला माझ्याशी. परवा बोलतो, गोविंदराम, आयरिशच चांगली. तेव्हाच मी समजलो, तब्येत बरोबर नाय."

आणि मग त्याने जे केलं त्याला तोड नाही. तो कॅम्पातल्या डॉक्टरकडे गेला आणि आपण पक्के व्यसनी असल्याच्या कागदावर त्याने सही ठोकली. हात थरथरतात, झोप येत नाही, घाम फुटतो, सगळं कबूल केलं. ज्या अपमानाला प्रधानसाहेब भ्यायले तो या माणसाने, ज्याने थेंबही घेतला नव्हता, हसत अंगावर घेतला. घरात रडारड झाली. मुलीच्या सासरी बातमी गेली आणि व्याही समजूत घालायला आले. गोविंदराम त्यांना गोटी सोडा पाजत आणि माफी मागत बसला. मग जुन्या ओळखीच्या एका दुकानदाराला गाठून त्याने मुंबईहून परमिटवर एकच बाटली मिळवली. बेटावरची.

रविवारी त्याने ती वर्तमानपत्रातून काढून साहेबांसमोर ठेवली. "बाकीच्या बुढ्या झाल्या, साईं. ही मुर्द्याला पण उठवेल."

साहेबांनी बाटली पाहिली, परमिट पाहिलं. परमिटावरचा तो शब्द वाचून त्यांचा चेहरा बदलला. "गोविंदराम, हे तुम्ही काय करून बसलात?"

"काय केलं? कराचीत सगळं सोडून आलो, एक चांगलं नाव घेऊन काय करू?"

"पण परमिट तुमचं. मला प्यायचा अधिकार नाही."

"पिऊ नका. फौजदारसाब बोलून गेला ना, वासाला बंदी नाय."

म्हणजे पिण्याचा अधिकार होता तो पीत नव्हता, आणि प्यायला आवडत असे त्याला फक्त हुंगण्याचा अधिकार होता. बोटभर व्हिस्की काचेच्या वाटीत ओतली गेली. माझ्यापर्यंत घमघमाट आला. मी तर लांब पाटावर होतो. साहेबांनी वाटी दोन्ही हातांनी उचलली. आधी लांबून, मग जवळून, तोंड किंचित उघडं ठेवून. आम्ही दोघे त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. स्वयंपाकघरातली विळी थांबली होती. खूप वेळाने त्यांनी वाटी खाली ठेवली आणि पहिल्यांदाच मोठ्याने म्हणाले, "नाही येत मला. काहीच येत नाही."

मग वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. मला म्हणाल्या, "उठा जरा." मी पाटावरून उठलो आणि त्या तिथे बसल्या. वाटी उचलून त्यांनी नाकाखाली धरली आणि डोळे मिटले.

"पावसाळ्यातली चूल आहे," त्या म्हणाल्या. "लाकूड ओलं, पेटत नाहीये. वर कुणीतरी सुके बोंबील भाजतंय. आणि शेजारी दवाखाना आहे."

साहेबांनीही डोळे मिटले होते. "समुद्र?"

"आहे. पण लांब आहे. ओहोटीचा."

"गोडवा?"

"थांबा." त्यांनी पुन्हा श्वास घेतला. "आहे. अगदी शेवटी. गूळ नाही, काकवी."

"बरोबर," साहेब म्हणाले. त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि चेहरा मात्र शेवग्याशी बाटल्या ओतण्याआधीच्या रविवारांसारखा झाला होता. "अगदी बरोबर. तीच आहे. आणि मत?"

"मत विचाराल तर घाण आहे," वहिनी म्हणाल्या. "पण विसरता येणार नाही अशी."

गोविंदरामने मांडीवर थाप मारली. "हेच तर मी इतके साल बोलतो. घाण आहे."

"तुम्हांला कुणी विचारलंय?" साहेब उसळून म्हणाले. "आयरिशवाल्यांनी मध्ये बोलू नये." आणि वाद पुन्हा सुरू झाला. साहेब बरे झाल्याची माझी खात्री पटली.

ती बाटली कुणीच प्यायली नाही. बोटभर वाटीत ओतायची, हुंगायची आणि नरसाळ्याने परत भरायची. वर्षभराने माझी बदली झाली. निरोप घ्यायला गेलो तो रविवार होता, पण मला वेळेचं भान राहिलं नव्हतं. फाटकातूनच ते दिसले. गोविंदराम भिंतीला टेकून बसला होता, साहेब बायकोच्या बाजूला कान करून वाकले होते, आणि मध्ये वाटी होती.

"सांग ना," साहेब म्हणत होते. "काय मत आहे तुझं?"

"मत कसलं लगेच?" वहिनी डोळे न उघडता म्हणाल्या. "अजून नाकातच आहे."

मी फाटक न वाजवता तसाच उभा राहिलो आणि मग परत फिरलो. साडेबारा वाजून गेले होते. आळीतल्या प्रत्येक घरातून फोडणीचा वास येत होता, फक्त त्या एका घरातून येत नव्हता.